लहान मुलांना इंग्रजी शिकवताना ऑनलाइन साधनांपैकी नेमके काय घ्यावे?

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. सहा ते अकरा वर्षे वयाच्या, घरी इंग्रजी न ऐकणाऱ्या मुलांना त्या इंग्रजी शिकवतात. विनामूल्य आणि भरवशाची ऑनलाइन साधने कोणती, त्यांतली मुलांच्या हाती थेट देण्याजोगी कोणती, आणि स्वतःच्या उच्चारांविषयी खात्री नसलेल्या शिक्षकाने स्वतःसाठी काय वापरावे, असे त्यांनी विचारले आहे. पालकांना इंग्रजी येत नसेल तर घरचा अभ्यास कसा द्यायचा, ही त्यांची शेवटची अडचण आहे. हेच काम मी अनेक वर्षे करत आल्यामुळे जरा सविस्तर उत्तर देते.

माझे मत आधीच सांगते. एका वर्षासाठी तीन साधने पुरतात: मुलांना ऐकवण्यासाठी एक, गोष्टींसाठी एक आणि शिक्षकाच्या हाताशी उच्चार ऐकवणारा एक शब्दकोश. बाकीचे सगळे गरजेपुरते घ्यावे आणि गरज संपली की बाजूला ठेवावे. सुरुवातीच्या काळात मी याच्या अगदी उलट वागत होते. चाळीसेक लिंकची यादी करून दर तासाला काहीतरी नवे दाखवत असे. रंगांच्या नावांचा एक खेळ मुले महिनाभर खेळली आणि जवळजवळ सगळ्यांना पूर्ण गुण मिळू लागले. मग एके दिवशी पडदा बंद करून मी पेटीतली लाल पेन्सिल इंग्रजीत मागितली, तेव्हा अर्धा वर्ग माझ्याकडे नुसता पाहत राहिला. त्या खेळात रंगाचे नाव उच्चारले जाण्याआधीच योग्य चौकट किंचित हलत असे, आणि मुले ती हालचाल टिपायला शिकली होती. तेव्हापासून कोणतेही साधन घेताना मी तीन गोष्टी पाहते. मुलाला त्यात माणसाच्या आवाजात पूर्ण वाक्य ऐकू येते का, तेच काम पडद्याशिवाय करून घेता येते का, आणि दहाव्या वेळी वापरतानाही त्यात मुलाला करण्याजोगे काही उरते का. या तिन्ही कसोट्यांना उतरणारी साधने फार थोडी आहेत, आणि त्यामुळे निवड सोपी होते.

ऐकण्यासाठी माझी पहिली पसंती ब्रिटिश कौन्सिलच्या ‘लर्नइंग्लिश किड्स’ या संकेतस्थळाला आहे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या कामाचा मोठा भाग इंग्रजी शिकवण्याचाच आहे, त्यामुळे येथील गाणी, छोट्या गोष्टी आणि व्हिडिओ इंग्रजी ही परकी भाषा असलेल्या मुलांना नजरेसमोर ठेवून केलेले आहेत. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते, पण जन्मापासून इंग्रजी ऐकणाऱ्या मुलांसाठी केलेले कार्यक्रम आपल्या मुलांना दाखवले की चित्रे समजतात आणि भाषा कानावरून निघून जाते. येथे बहुतेक गाण्यांना आणि गोष्टींना शब्द लिहिलेले पान, छापून घेण्याजोगी वर्कशीट आणि उत्तरे जोडलेली असतात, म्हणजे शिक्षकाचा तयारीचा वेळ वाचतो. याच्या जोडीला ‘सुपर सिंपल साँग्ज’ची गाणी सहा-सात वर्षांच्या मुलांना चालतात, कारण त्यांची गती मुद्दाम संथ ठेवलेली आहे आणि एका गाण्यात नवे शब्द मोजकेच असतात.

एकच गाणे आठवडाभर कसे पुरवायचे, हे मात्र कोणतेही संकेतस्थळ आपल्यासाठी ठरवून देत नाही. पहिल्या दिवशी मी पडद्याकडे पाठ करून बसायला सांगते आणि गाणे फक्त ऐकवते. मुलांनी ऐकलेल्या क्रियेचा अभिनय करायचा, तोंडाने काही म्हणायचे नाही. दुसऱ्या दिवशी ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी आवाज थांबवते आणि तो शब्द मुले पुरा करतात. लिहिलेले शब्द त्यांच्या हाती येतात ते त्यानंतर, म्हणजे कान तयार झाल्यावर, आणि आठवडा संपताना प्राण्याचे किंवा वस्तूचे नाव बदलून मुले स्वतःचे कडवे करतात. ऐकून कृती करण्याचा हा भाग अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ या पद्धतीवर आधारलेला आहे. बोलण्याची सक्ती होण्याआधी मुलाला भाषा समजू द्यावी, हे त्या पद्धतीचे मर्म आहे. काही मुले कित्येक आठवडे इंग्रजीत एक शब्दही बोलत नाहीत, पण सूचना ऐकून अचूक वागतात. त्यांचे शिकणे चालू असते. त्यांना बोलते करण्याची घाई केली तर ती गप्प राहायला शिकतात.

गोष्टींविषयी मला अधिक बोलायचे आहे, कारण लहान मुलांच्या इंग्रजीत खरी भर गोष्टींतूनच पडते असा माझा अनुभव आहे. ‘स्टोरीविव्हर’ हे प्रथम बुक्स या ना-नफा संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेले व्यासपीठ आपल्या कामासाठी सर्वांत सोयीचे आहे. येथील सचित्र पुस्तके वाचनाच्या चार पातळ्यांत विभागलेली आहेत. पहिल्या पातळीच्या पुस्तकात पानावर एखाद-दुसरे वाक्य असते, चौथ्या पातळीवर परिच्छेद असतात. पुस्तके खुल्या परवान्याखाली असल्यामुळे ती डाउनलोड करता येतात, छापता येतात आणि श्रेय देऊन त्यांत बदलही करता येतो. काही गोष्टी आवाजासह आहेत आणि वाचले जाणारे शब्द पडद्यावर उजळत जातात. सर्वांत मोठी सोय अशी, की पुष्कळ गोष्टी मराठीत आणि इंग्रजीतही मिळतात.

या सोयीचा उपयोग मी नेहमी एकाच क्रमाने करते. आज मराठीत गोष्ट वाचायची, तिच्यावर मनसोक्त बोलायचे, हसायचे, शेवट बदलून पाहायचा. दोन दिवसांनी तीच गोष्ट इंग्रजीत, चित्रांवर बोट ठेवत, सावकाश वाचायची. मुलाला कथानक ठाऊक असल्यामुळे त्याचे सगळे लक्ष भाषेकडे जाते आणि अनोळखी शब्दाचा अर्थ त्याला स्वतःलाच उलगडतो. वाक्यागणिक भाषांतर सांगण्याची सवय मात्र सोडून द्यावी लागते. प्रत्येक इंग्रजी वाक्यामागून मराठी वाक्य येणार हे एकदा कळले, की मूल इंग्रजी वाक्य ऐकणेच थांबवते आणि मराठीची वाट पाहते.

पुस्तक मुलाने स्वतः वाचायचे असेल तर ते किती सोपे असावे, याचा अंदाज घ्यायला एक आकडा उपयोगी पडतो. हू आणि पॉल नेशन या भाषाशिक्षणाच्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून असे दिसले, की कोणाच्याही मदतीशिवाय गोष्ट नीट समजायला मजकुरातील सुमारे ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात, म्हणजे पन्नास शब्दांत जेमतेम एक अनोळखी. तो अभ्यास प्रौढ विद्यार्थ्यांवर केलेला होता आणि मुलांच्या पुस्तकात चित्रे मदतीला असतात, म्हणून तो काटेकोर नियम मानू नये. परंतु आपण मुलांना जी पुस्तके वाचायला देतो ती किती अवघड असतात, हे त्यावरून लक्षात येते. शिक्षक मोठ्याने वाचणार असेल तर गोष्ट एक पातळी अवघड चालते, मूल एकटे वाचणार असेल तर एक पातळी सोपी घ्यावी. ‘ऑक्सफर्ड आउल’वर तीन ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी विनामूल्य ई-पुस्तके आहेत, ती एकट्याने वाचायला बरी. ‘स्टोरीलाइन ऑनलाइन’वर अभिनेते सचित्र पुस्तके वाचून दाखवतात, वाचन अतिशय जिवंत असते, पण भाषा इंग्रजीभाषक मुलांसाठीची असल्यामुळे ते दहा-अकरा वर्षांच्या मुलांना, आणि गोष्ट आधी थोडक्यात सांगूनच दाखवावे.

आता अक्षरे आणि ध्वनी, म्हणजे ज्याला सगळे फोनिक्स म्हणतात ते. मराठी वाचायला शिकलेल्या मुलाची अपेक्षा असते, की एका अक्षराचा एकच उच्चार असणार. इंग्रजीत २६ अक्षरे आहेत आणि ध्वनी सुमारे ४४. ‘ए’ हे एकच अक्षर कॅट, केक, कार, बॉल आणि अबाउट या पाच शब्दांत पाच प्रकारे उच्चारले जाते. म्हणून फोनिक्सच्या अनेक कार्यक्रमांत अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने न शिकवता एस, ए, टी, पी, आय, एन या सहांपासून सुरुवात करतात. एवढ्यावर सॅट, पिन, टॅप, सिट, नॅप, टिन असे कितीतरी शब्द वाचता येतात आणि पहिल्या पंधरवड्यातच मुलाला आपण वाचू शकतो हे कळते. इंग्लंडच्या शिक्षण खात्याने २००७ मध्ये काढलेली ‘लेटर्स अँड साउंड्स’ ही पुस्तिका या क्रमासाठी अजूनही चाळण्याजोगी आहे. २००२ पासून चालू असलेल्या ‘स्टारफॉल’ या संकेतस्थळावर अक्षरांचे ध्वनी आणि छोटी वाचनपुस्तके आहेत. त्यातला काही भाग विनामूल्य आहे आणि उच्चार अमेरिकी आहेत.

येथे आपल्याला विशेष जपावे लागते, आणि ही गोष्ट इंग्रजीभाषकांनी केलेल्या व्हिडिओंत सहसा मिळणार नाही. देवनागरीतल्या प्रत्येक व्यंजनात ‘अ’ दडलेला असतो. त्यामुळे आपण ‘एस’चा ध्वनी ‘स’ आणि ‘टी’चा ध्वनी ‘ट’ असा सांगतो, आणि मूल ते जोडताना ‘स-ॲ-ट’ यातून ‘सॅट’पर्यंत पोहोचूच शकत नाही, कारण मधले ‘अ’ आड येतात. ध्वनी ‘स्’ आणि ‘ट्’ असे पाय मोडून सांगावेत. मुलांना मराठीतले हलन्त चिन्ह ठाऊक असेल तर फळ्यावर तेच काढून दाखवावे. दोन मिनिटांत समजते. दुसरी सूचना अशी, की फोनिक्सची बहुतेक साधने इंग्रजी आधीच बोलणाऱ्या मुलांसाठी आहेत. ‘नॅप’ हा शब्द त्या मुलाने वाचला की त्याला अर्थ आपोआप कळतो. आपल्या मुलाने वाचला तर तो नुसता आवाज राहतो. म्हणून ज्या शब्दाचे चित्र किंवा कृती मुलाला आधी ओळखीची आहे, तेवढेच शब्द जोडवाचनाला घ्यावेत. जे शब्द ध्वनींच्या नियमात बसत नाहीत पण पावलोपावली भेटतात, उदाहरणार्थ ‘द’, ‘वॉज’, ‘सेड’, त्यांच्यासाठी एडवर्ड डॉल्च यांनी १९३६ मध्ये केलेली २२० शब्दांची यादी ऑनलाइन सहज मिळते. ती पाठ करून घेऊ नये. गोष्टीत आलेल्या शब्दांवर खूण करत जावे आणि वर्षअखेर किती उरले ते पाहावे.

शिक्षकाच्या स्वतःच्या उच्चारांविषयी विचारले आहे, तेव्हा मोकळेपणाने सांगते: इंग्रजी ही मातृभाषा नसलेला शिक्षक लहान मुलांना उत्तम इंग्रजी शिकवू शकतो, आणि त्याने कोणा परदेशी उच्चारांची नक्कल करण्याची गरज नाही. उच्चार स्पष्ट आणि सातत्याचे असावेत आणि आघात, म्हणजे शब्दातल्या एका भागावरचा जोर, योग्य जागी पडावा, एवढे पुष्कळ आहे. आपल्या बोलण्यात ‘थ’ किंवा ‘ट’ वेगळा पडतो याची चिंता शिक्षक करतात, पण ऐकणाऱ्याला अडखळायला लावतो तो बहुधा चुकलेला आघात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या उच्चारखंडावर असतो आणि ‘फोटोग्राफर’मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो, मराठीत असा आघात अर्थ ओळखायला लागत नसल्यामुळे आपल्या कानाला तो जाणवतच नाही. केंब्रिजचा किंवा ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांसाठीचा ऑनलाइन शब्दकोश यासाठी रोज उघडावा. दोन्हींत ब्रिटिश आणि अमेरिकी उच्चार ऐकता येतात, आघाताची खूण असते आणि व्याख्या सोप्या शब्दांत असतात. एखादा शब्द खऱ्या बोलण्यात कसा येतो हे ऐकायचे असेल तर ‘यूग्लिश’वर तो टाकावा, ज्या व्हिडिओंत तो उच्चारला गेला आहे त्यांतला नेमका तो क्षण तेथे एकामागून एक दिसतो.

बीबीसी १९४३ पासून इंग्रजी शिकवण्याचे कार्यक्रम करत आली आहे. तिच्या ‘बीबीसी लर्निंग इंग्लिश’वरील ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ ही ध्वनिमालिका मोठ्यांसाठी आहे आणि तिच्या भागांचे लिखित संवाद मिळतात. रोज एक भाग दोनदा ऐकावा, मग संवादाचे अर्धे पान मोठ्याने वाचून फोनवर ध्वनिमुद्रित करावे आणि मूळाशी ताडून पाहावे. आपलाच आवाज ऐकणे पहिले काही दिवस नकोसे वाटते. तेवढा टप्पा ओलांडला की कान आपोआप चुका पकडू लागतो. वर्गातल्या अध्यापनाविषयी ब्रिटिश कौन्सिलचेच ‘टीचिंगइंग्लिश’ हे वेगळे संकेतस्थळ आहे, त्यात पाठ-आराखडे, लेख आणि प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम आहेत. वर नाव आलेले पॉल नेशन यांचे शब्दसंपत्ती व वाचनाविषयीचे बरेच लेखन वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहे. शब्दसंपत्ती कशी वाढते हे समजून घ्यायचे असेल तर त्याइतके सुबोध लेखन मला दुसरे मिळालेले नाही. मुलांसाठी माहितीपर उतारा तयार करायचा असेल तर सोप्या इंग्रजीतला विकिपीडिया मसुद्यासाठी घ्यावा, मात्र तोही लहानांसाठी आणखी सोपा करावा लागतो.

मुले कोणत्या पातळीवर आहेत हे ठरवायला केंब्रिजच्या स्टार्टर्स, मूव्हर्स आणि फ्लायर्स या परीक्षांच्या सचित्र शब्दयाद्या आणि नमुना प्रश्नपत्रिका वापराव्यात. युरोपच्या परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषा किती येते हे मोजणाऱ्या सहा पातळ्यांच्या चौकटीशी त्या जोडलेल्या आहेत आणि विनामूल्य उतरवून घेता येतात. मुलांना परीक्षेला बसवायचे नसले तरी चालते. पुढच्या तीन महिन्यांत कोणते शब्द घ्यायचे, याचा नकाशा म्हणून त्या फार उपयोगी पडतात. लेखनासाठी केंब्रिजचीच ‘राइट अँड इंप्रूव्ह’ ही सेवा लिहिलेल्या मजकुरातील चुकांच्या जागा लगेच दाखवते, पण ती मोठ्या मुलांसाठी आणि शिक्षकासाठी ठेवावी. सात वर्षांच्या मुलाचे लेखन माणसानेच वाचले पाहिजे.

कहूत, क्विझलेट, वर्डवॉल यांसारख्या खेळांविषयी थोडक्यात सांगते. उजळणीला ते चांगले, नवे शिकवायला नाहीत. कहूतमध्ये सहसा लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात, म्हणून शांतपणे विचार करणारी मुले मागे पडतात. गट करून खेळवावे. शिक्षकांनी शिक्षकांसाठी चढवलेल्या वर्कशीटची संकेतस्थळे, उदाहरणार्थ ‘आयएसएल कलेक्टिव्ह’, वेळेला उपयोगी पडतात, पण कोणीही काहीही चढवू शकत असल्यामुळे छापण्याआधी प्रत्येक ओळ वाचावी. व्याकरणाची चूक असलेली वर्कशीट तीस मुलांच्या वहीत चिकटली, की ती काढणे अवघड असते. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून ठरावीक शब्द वापरून छोटी गोष्ट लिहून घेण्याचे कामही शिक्षक करू शकतो, पण ती तपासून, वाक्ये बदलूनच वर्गात न्यावी, आणि मुलांच्या हाती ते साधन देण्याआधी त्याच्या अटींतील किमान वय वाचावे.

वयाचा मुद्दा सगळ्याच साधनांना लागू आहे. तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करण्यावर अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने बंधन आले, आणि अनेक सेवांच्या अटींत तेरा हा आकडा दिसतो तो त्यामुळेच. मुलांच्या नावाने खाती उघडू नयेत. उघडावीच लागली तर पालकांना विचारून, टोपणनाव वापरून आणि फोटो न देता उघडावीत. व्हिडिओ मुलांना शोधायला सांगू नये. आपण आधी शेवटपर्यंत पाहिलेला व्हिडिओ, पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद करून, आपणच लावावा. साहित्य छापताना परवाना पाहावा: क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांपैकी ज्या परवान्यात बदल करण्यास मनाई असते, त्याखालील गोष्टीचे भाषांतर करून ते इतरांना वाटता येत नाही, आणि ज्यात व्यापारी वापरास मनाई असते ती पैसे घेऊन विकायच्या संचात घालता येत नाही.

राहिला पालकांचा प्रश्न. घरी इंग्रजी येत नसले तरी घरचा अभ्यास देता येतो, फक्त तो पालकांनी तपासण्याचा नसावा, ऐकण्याचा असावा. वर्गात आठवडाभर झालेल्या गोष्टीचे छापील पान किंवा आवाजासह असलेली तीच गोष्ट घरी पाठवावी, आणि पालकांना मराठीत दोनच सूचना लिहून द्याव्यात: मूल इंग्रजीत वाचेल ते पूर्ण होईपर्यंत मध्ये न थांबवता ऐकावे, आणि मग गोष्टीत काय झाले ते त्याला मराठीत सांगायला लावावे. मराठीत सांगताना मूल जेथे अडते, तेथे त्याला इंग्रजी समजलेले नसते. पालकांनी त्या चित्राखाली पेन्सिलने बारीक खूण करून पान परत पाठवावे. सोमवारी तीस पाने हाती आली, की कोणत्या चित्राखाली सर्वाधिक खुणा आहेत हे पाहावे आणि त्या आठवड्याचा पहिला तास त्याच चित्रापासून सुरू करावा.